जमिनीचे तंटे आणि तहसीलदाराचे न्यायालय : पार्श्वभूमी

मराठेशाहीत गोतसभा (गावचे अधिकारी, वतनदार आणि जाणती मंडळी यांची सभा) वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, किंवा शिवाराचा वाद ऐकून महजर (निवाड्याचा लेख) करून देई आणि त्यात मालकीचाही निवाडा असे. इंग्रजी अमलात मालकी दिवाणी न्यायालयाकडे गेली. मामलेदाराकडे, म्हणजे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, उरले ते ताबा, पाणी आणि वाट यांचे वाद. त्यासाठी १८६४ आणि १८७६ मध्ये कायदे झाले. त्यानंतरचा १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आजही चालू आहे आणि आता त्याखालचे दावे तहसीलदार ऐकतात.

या कायद्याच्या कलम ५ खाली शेतजमिनीचा बेकायदा हिरावलेला ताबा परत मिळतो, पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणारा बांध काढता येतो आणि वहिवाटीच्या वाटेला होणारा अडथळा मनाई हुकमाने थांबवता येतो. मालकी कोणाची, हे इथे तपासलेच जात नाही. ताबा किंवा वापर खरोखर होता का, तो अडवला का आणि दावा सहा महिन्यांच्या आत आला का, एवढेच पाहतात. निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण (निकालाची फेरतपासणी) होते. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा येईपर्यंत मिळालेला ताबा टिकतो.

सर्वाधिक गोंधळ वाटेच्या अर्जात होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खालीही तहसीलदारच निर्णय देतात, पण तो अधिकार वेगळा आहे. वापरात असलेली वाट कोणी बंद केली, तर कलम ५. शेतात जायला वाटच नाही आणि दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या बांधावरून ती हवी आहे, तर कलम १४३. तिथे शेतकऱ्याची वाजवी गरज पाहिली जाते, सहा महिन्यांची अट नाही आणि निर्णयाविरुद्ध एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. पुष्कळ जण एकाच अर्जात ‘पूर्वापार वाट अडवली, ती द्यावी, नाहीतर नवीन द्यावी’ असे लिहितात. मग वाट जुनी होती की नव्हती यावरच तारखा पडत राहतात आणि कलम ५ ची मुदत उलटून जाते.

या मुदतीचा सर्वात मोठा फटका मुंबईत राहणाऱ्या कोकणातल्या खातेदारांना बसतो. चाकरमानी मे महिन्यात गावाहून परततो, जूनमध्ये वाटेवर जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) उभा राहतो, तो दिसतो गणपतीत. तेव्हा ‘शिमग्याला बघू’ म्हटले की मार्च उजाडतो आणि मुदत तर डिसेंबरातच संपलेली असते. तातडीच्या उपायाला मुदत असावी हे मान्य, पण गावाबाहेर राहणाऱ्याला ती फार अपुरी आहे. म्हणून गणपतीची सुट्टी संपण्याआधीच दावा दाखल करावा. अर्जात अडथळा केव्हा झाला त्याची तारीख, गट नंबर, वाटेची दिशा, कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी हवी. तारखेच्या जागी ‘काही दिवसांपूर्वी’ लिहिले की मुदतीचा मुद्दा समोरच्याच्या हाती जातो.

गावपातळीवर किरकोळ खटले चालवणाऱ्या न्याय पंचायती मधल्या काळात आल्या आणि गेल्या, जमिनीच्या मालकीपर्यंत त्या पोचल्या नाहीत. २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या ग्राम न्यायालय कायद्याने गावच्या घराचा व शेतघराचा ताबा, सामाईक चराई, पाटाच्या पाण्याची पाळी आणि विहिरीचे पाणी असे वाद ग्राम न्यायालयाच्या न्यायाधिकाऱ्याकडे दिले. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची, वादग्रस्त नोंद मात्र महसूल खात्याकडेच राहिली, आणि त्या नोंदीने मालकी ठरत नाही.

२००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समितीला निवाड्याचा अधिकार नाही, ती फक्त समझोता घडवते. त्या समझोत्यात जमिनीचा हिस्सा एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल, तर नोंदणीकृत दस्त करावाच लागतो. समितीसमोरच्या सहीच्या कागदावर सातबाऱ्याला नाव लागत नाही.