फाइल सापडली म्हणजे व्हायरस सापडला का?

विंडोज ९८ वापरणाऱ्या अनेकांना २००१ च्या मे महिन्यात एक ईमेल येऊन धडकला. तुमच्या संगणकात ‘एसयूएलएफएनबीके डॉट ईएक्सई’ नावाची फाइल आहे, तो व्हायरस असून अँटिव्हायरसला दिसत नाही आणि १ जूनला तो जागा होईल, तेव्हा ती फाइल शोधून काढून टाका व ओळखीच्या सर्वांना कळवा, असा त्याचा मजकूर होता. लोकांनी शोध घेतला आणि फाइल खरोखरच सापडली. ती सापडणारच होती, कारण ती विंडोजचीच एक फाइल होती आणि फाइलींची लांबलचक नावे बिघडली तर ती पूर्ववत करणे एवढेच तिचे काम होते.

पुढच्याच वर्षी ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई’ या फाइलीबाबत हाच प्रकार घडला. जावा प्रोग्रॅममधील चुका शोधण्याशी संबंधित असलेल्या या निरुपद्रवी फाइलीचे चिन्ह छोट्या अस्वलाचे होते आणि सिस्टीमच्या फोल्डरमध्ये असे खेळण्यातले अस्वल दिसल्यावर संशय बळावणे स्वाभाविकच म्हणायला हवे.

या दोन्ही अफवांची खरी ताकद त्यांनी दिलेल्या ‘पुराव्यात’ होती. मात्र जी चाचणी निरोगी आणि बाधित अशा दोन्ही संगणकांवर सारखेच उत्तर देते, तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तीच फाइल नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकातही आहे का, हे पाहिले असते तर शंका तिथेच फिटली असती. अर्थात, खऱ्या व्हायरसची लागण विंडोजच्या फाइलींनाही होऊ शकते. म्हणून नुसत्या नावावर न जाता ती फाइल अद्ययावत अँटिव्हायरसने तपासावी आणि तिच्यावर निर्मात्या कंपनीची डिजिटल स्वाक्षरी आहे का, तेही पाहावे.

अशा ईमेलची ठेवण ठरलेली असते. एखाद्या बड्या संस्थेचे नाव घेतलेले असते, पण तिच्या मूळ सूचनेचा दुवा नसतो. ‘कालच जाहीर झाले’ असे म्हटलेले असते, पण तो ‘काल’ कोणता हे कळत नाही. आणि सर्वांना पाठवा हा आग्रह तर असतोच. १९९४ च्या अखेरीस पसरलेल्या ‘गुड टाइम्स’ या अफवेने अमेरिकेच्या दूरसंचार नियामक आयोगाचा हवाला दिला होता आणि त्या विषयाचा ईमेल उघडताच हार्ड डिस्क पुसली जाईल, एवढेच नव्हे तर प्रोसेसरही निकामी होईल, असे बजावले होते. असा व्हायरस अस्तित्वातच नव्हता. पुढे १९९९ मध्ये ‘बबलबॉय’ या खऱ्याखुऱ्या व्हायरसने नुसता ईमेल पाहिल्यानेही लागण होऊ शकते हे दाखवून दिले, त्यामुळे दावा अचाट वाटतो एवढ्यावरून तो खोटा ठरवणेही धोक्याचेच आहे.

पडताळणीला फार वेळ लागत नाही. इशाऱ्यातले एखादे वेगळे वाक्य जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधावे. संस्थेचे नाव दिले असेल तर ईमेलमधील दुव्यावर न जाता तिच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून मूळ सूचना शोधावी. ती मिळेपर्यंत काहीही पुसू नये आणि पुढे पाठवू नये. प्रत्येकाने दहाच जणांना पाठवले तरी सहाव्या फेरीत १० लाख ईमेल होतात. व्हायरसने स्वतःच्या प्रती काढायच्या, ते काम इथे माणसेच करतात. इशारा खोटा निघाल्यास, तो ज्याने पाठवला त्याला खुलाशाचा दुवा द्यावा म्हणजे त्यालाही तो पुढच्यांना देता येतो. विंडोजची फाइल आधीच काढून टाकली असेल तर ती प्रथम रीसायकल बिनमध्ये शोधावी. तिथे नसल्यास, आजच्या विंडोजमध्ये ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) ही आज्ञा सिस्टीमच्या हरवलेल्या फाइली पुन्हा जागेवर आणू शकते.