ठेचा (मराठवाडा)

हिरव्या मिरच्या, लसूण आणि खडे मीठ एकत्र ठेचून केलेले झणझणीत तोंडीलावणे. नाव ‘ठेचणे’वरून आले. इटलीतल्या जेनोवाच्या पेस्तो या हिरव्या चटणीचेही तसेच आहे. तो शब्दही कुटणे या अर्थाच्या क्रियापदातून निघाला. दोन्हीकडे हाताच्या कामानेच पदार्थाला नाव दिले.

मिरची आणि भुईमूग ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडांतली. मिरची 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आली, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी ठेच्याहून कितीतरी जुनी. आज जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका आणि शेजारचा सिल्लोड हा हिरव्या मिरचीचा पट्टा मानला जातो. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार त्यासाठीच ओळखीचा आहे.

कृती दिसायला सोपी. दहा-बारा तिखट मिरच्या देठ काढून धुवायच्या आणि अगदी कोरड्या पुसायच्या. ओली मिरची तेलात तडतडते आणि ठेचाही लवकर खराब होतो. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल, त्यात मिरच्या आणि सात-आठ लसूण पाकळ्या. मिरचीच्या सालीवर आधी पांढरट फोड येतात, मग तपकिरी डाग पडतात. याच वेळी घरभर ठसका उठतो, ओसरीवर बसलेलेही खोकायला लागतात. मग थोडे जिरे, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि मीठ घालून गरम तव्यावरच तांब्याच्या किंवा फुलपात्राच्या बुडाने रगडायचे. खलबत्ता असेल तर उत्तमच. मीठ मात्र खड्याचेच हवे: त्याचे टोकदार कण मिरचीची साल फाडतात. जेनोवाचे लोक संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने तुळशीच्या कुळातली बेसिलची पाने कुटतात, तेही जाड मीठ घालून, याच कारणाने. फरक एवढाच की पेस्तो कच्चा राहतो आणि ठेच्याला आधी आगीचा चटका मिळतो.

या चटक्याचे काम मोठे आहे. कच्ची लसूण पाकळी चिरडली की तिच्यातले विकर (एन्झाइम) एका गंधकयुक्त संयुगाशी मिळून उग्र वास तयार करते. भाजल्यावर ते विकर मंदावते आणि लसूण गोडसर लागते. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनमुळे असतो. ते बियांपेक्षा बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या भागात जास्त असते आणि पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळते. म्हणून दाणे आणि तेल घातले की ठेचा जिभेला सोसतो, आणि तोंड भाजलेल्या माणसाला पाण्याने उतार पडत नाही. त्याला दही किंवा ताक द्यावे. ठेचल्यावर हात साबणाने नीट धुवावेत आणि तरीही बराच वेळ डोळ्यांना लावू नयेत.

मिक्सरमध्ये केलेल्याला ठेचा म्हणावे का? माझ्या मते नाही. पाते मिरचीचे सारखे तुकडे करत जाते आणि थोडे जास्त फिरले की चटणी होते. ठेच्यात एका घासाला अर्धा दाणा लागावा, दुसऱ्याला मिरचीची जळकी साल, तिसऱ्याला लसणाचा गोळा. हा ओबडधोबडपणाच त्याची चव आहे, आणि तो हाताखालीच येतो.

मराठवाड्यात करडई ज्वारीच्या सोबतीने पेरण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे वरून करडईचे कच्चे तेल घेणारी घरे अजून आहेत. काही घरांत कोथिंबीर पडते. दाणे घातलेला ठेचा दोन दिवसांत संपवावा.

खुरपणीला निघालेल्या बाईच्या फडक्यात ज्वारीच्या भाकरी, बुक्कीने फोडायला कांदा आणि भाकरीवरच ठेवलेला ठेचा असतो. शेतात पोचेपर्यंत त्याचे तेल वरच्या भाकरीत मुरलेले असते, आणि तीच भाकरी आधी उचलली जाते. घरी राहिलेला तवा लगेच घासत नाहीत: त्याला चिकटलेला ठेचा गरम भाकरीच्या तुकड्याने पुसून खातात.