छापखान्याला फॉण्ट नको, पीडीएफ पाठवा

आम्ही देवनागरी फॉण्ट बनवून विकतो. आमचा फॉण्ट घेता तेव्हा तुम्हाला तो वापरण्याचा परवाना मिळतो. किती कम्प्युटरांवर बसवायचा, हे पावतीवर लिहिलेलं असतं. तेवढ्या कम्प्युटरांवर केलेली पुस्तकं, पत्रकं, लोगो कितीही छापा आणि विका. त्याचे जादा पैसे नाहीत.

घोटाळा होतो तो काम छपाईला देताना. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅकेज’ करून अख्खं फोल्डर धाडलं जातं. त्यात ‘डॉक्युमेंट फॉण्ट्स’ नावाच्या फोल्डरात आमची फॉण्ट फाइलही जाते. छापखान्याकडे स्वतःचा परवाना नसेल, तर हे परवान्याबाहेरचं वाटप झालं. शिवाय कुणी लेआउट तेवढा बाहेर काढून उघडला, की पर्यायी फॉण्ट लागतो, ओळी सरकतात, जोडाक्षरं फुटतात आणि पुन्हा सगळी प्रुफं तपासावी लागतात.

त्याऐवजी पीडीएफ/एक्स-४, म्हणजे छपाईसाठीची पीडीएफ, काढा. यात फॉण्ट आत बसवणं सक्तीचंच आहे आणि आमच्या परवान्यात त्याला मुभा आहे. ॲक्रोबॅटमध्ये कंट्रोल-डी दाबून ‘फॉण्ट्स’ टॅब पाहा: प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ हवं. लोगो किंवा फलक असेल तर अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषाकृती करून पाठवा, मूळ प्रत मात्र जपा. पुस्तकाच्या मजकुराचे कर्व्ह करू नका. बारीक टाइप किंचित जाड छापला जाऊ शकतो आणि शेवटच्या घटकेला साधी वेलांटीही सुधारता येत नाही. छापखान्याने दुरुस्तीसाठी मूळ फाइल मागितलीच, तर दुरुस्ती तुम्ही करून तेवढं पान नव्याने द्या.

वेबसाइट आणि ॲपसाठी परवाना वेगळा, कारण तिथे फॉण्ट फाइलच वाचणाऱ्याच्या यंत्रावर उतरते. टीटीएफ, म्हणजे कम्प्युटरवर बसवायची फॉण्ट फाइल, कन्व्हर्टरमध्ये घालून वेब-फॉण्ट करू नका. काही कन्व्हर्टर जोडाक्षरांचे नियम गाळतात, मग ‘क्ष’ सुटा दिसतो. आमच्या वेब परवान्यासोबत तपासलेली डब्ल्यूओएफएफ२, म्हणजे वेबसाठीची फॉण्ट फाइल मिळते.

कम्प्युटर मोजून पैसे का, असं विचारलं जातं. देवनागरी फॉण्टात शेकडो जोडाक्षरं काढून तपासावी लागतात. तो खर्च एकट्या डिझायनरवर आणि मोठ्या प्रकाशनावर सारखाच टाकणं आम्हाला बरोबर वाटत नाही. बजेट नसेल तर ओपन फॉण्ट लायसन्स या खुल्या परवान्याचे फॉण्ट खुशाल वापरा. ते व्यावसायिक कामाला चालतात, छापखान्यालाही देता येतात. नुसता फॉण्ट मात्र विकता येत नाही. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलेले मोफत फॉण्ट मात्र ग्राहकाच्या कामात घेऊ नका.

कम्प्युटर बदललात तर जुन्यावरून फॉण्ट काढा आणि नव्यावर बसवा, नवीन खरेदी नको. संख्या वाढली तर जुनी पावती दाखवा, फक्त फरक भरावा लागेल.