एल्फिन्स्टन (आडनाव व घराणे)

एल्फिन्स्टन : स्कॉटलंडमधील एक जुने आडनाव व त्याच नावाचे उमराव घराणे. या घराण्यात व त्याच्या शाखांमध्ये धर्माधिकारी, दर्यासारंग, सेनानी आणि प्रशासक होऊन गेले. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक आहे ते मुंबईच्या दोन गव्हर्नरांमुळे : माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) आणि त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन (१८०७–१८६०). काका-पुतण्यांची स्मारके व कर्तृत्व यांची सरमिसळ मराठी लेखनात वारंवार होते. लॉर्ड हा किताब पुतण्याचा. काकाला तो कधीच मिळालेला नव्हता. तरी ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट’ असा उल्लेख छापील पुस्तकांतही सापडतो.

नावाचा उगम : हे आडनाव स्थलवाचक आहे, याबद्दल दुमत नाही. एडिंबरोच्या पूर्वेस, ईस्ट लोदियन परगण्यात ट्रेनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचे खेडे आहे आणि तेराव्या शतकातील दस्तऐवजांत ‘एल्फिनिस्तुन’ यासारख्या रूपांत हे नाव साक्षीदारांच्या यादीत येते. वाद आहे तो त्या खेड्याच्या नावाविषयी. जुन्या वंशावळकारांनी दिलेली एक कथा अशी : हेल्फेनस्टाइन नावाचा जर्मन सरदार स्कॉटलंडमध्ये आला, रॉबर्ट ब्रूस (चौदाव्या शतकाच्या आरंभीचा स्कॉटलंडचा राजा) याच्या नात्यातील मुलीशी त्याचा विवाह झाला आणि त्याने आपल्या जहागिरीला स्वतःचे नाव दिले. ही कथा सतराव्या-अठराव्या शतकांतील उमराव घराण्यांच्या हौसेला धरून असली, तरी स्वीकारणे कठीण आहे. कारण खेड्याचे नाव ब्रूसच्या आधीच्या कागदांत सापडते. दुसऱ्या मतानुसार नावाच्या पूर्वार्धात ‘अल्पिन’ हे केल्टिक व्यक्तिनाम आहे. तिसरे मत त्यात ‘एल्फिन’ किंवा ‘एल्फवीन’ यांसारखे जुने इंग्रजी व्यक्तिनाम पाहते. लोदियनचा हा पट्टा दीर्घकाळ नॉर्थंब्रियाच्या अँग्लियन राज्याखाली होता व तेथे इंग्रजी वळणाची ग्रामनामे भरपूर आहेत, हे लक्षात घेता तिसरे मत अधिक संभवनीय वाटते.

उत्तरार्धाबाबत मात्र एकवाक्यता आहे. शेवटचा भाग ‘दगड’ या अर्थाचा नसून ‘तुन’, म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, या शब्दाचा आहे. त्याच्या आधीचा ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय. जॉन्स्टन या दुसऱ्या स्कॉटिश नावाची घडण नेमकी अशीच आहे. पुढे लेखनात ‘स्टोन’ रूढ झाल्यामुळे परी आणि दगड यांच्याशी जोडलेल्या लोककथा निघाल्या. त्यांना आधार नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातील मराठी लेखनात हे नाव ‘अल्पिष्टन’ अशा वळणानेही येते.

घराण्याचा विस्तार : मूळ खेडे पुढे मुलीच्या वाटणीने जॉन्स्टन घराण्याकडे गेले. तेथील बुरूजवजा गढी पंधराव्या शतकातील. सुधारक धर्मोपदेशक जॉर्ज विशार्ट याला १५४६ मध्ये अटकेनंतर येथेच आणले होते, अशी परंपरा आहे. खालून कोळशाच्या खाणी गेल्याने गढी धोकादायक ठरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास तिचा बहुतांश भाग पाडण्यात आला. पुरुषवंशाची शाखा चौदाव्या शतकातच स्टर्लिंगशरमधील एअर्थच्या परिसरात स्थिरावली होती. तिने तेथील जमिनीलाही एल्फिन्स्टन हेच नाव दिले. त्यामुळे जुन्या कागदांतील ‘एल्फिन्स्टनचा अमुक’ हा उल्लेख कोणत्या गावाचा, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

घराण्यातील अलेक्झांडर याला चौथ्या जेम्स राजाने लॉर्ड एल्फिन्स्टन केले. या घटनेची तारीख काही ग्रंथांत १४ जानेवारी १५०९, तर काहींत १४ जानेवारी १५१० अशी आहे. हा मतभेद केवळ दिसण्यापुरता आहे. स्कॉटलंडमध्ये १५९९ अखेरपर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. साहजिकच तेव्हाच्या कागदावरचा जानेवारी १५०९ आजच्या गणनेने १५१० ठरतो व तेच वर्ष ग्राह्य मानावे. पहिला लॉर्ड १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत राजाबरोबरच पडला. त्याचा मुलगा दुसरा लॉर्ड १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत मारला गेला. नंतरच्या लॉर्डांपैकी चौथा काही काळ राज्याचा खजिनदार होता.

कनिष्ठ शाखेत जेम्स एल्फिन्स्टन हा लॉर्ड बाल्मेरिनो झाला. त्याचे प्रकरण स्कॉटिश इतिहासात गाजले. सहाव्या जेम्स राजाच्या सहीचे एक सलोख्याचे पत्र १५९९ मध्ये पोप आठवा क्लेमेंट याला गेले होते. ते पुढे उघड झाले, तेव्हा प्रॉटेस्टंट राजाची अडचण झाली. राजाच्या नकळत आपण इतर कागदांत ते पत्र सरकवून सही घेतली, असा कबुलीजबाब बाल्मेरिनोने १६०८ मध्ये दिला. त्याला देहान्ताची शिक्षा झाली, पण ती अमलात आली नाही. शिक्षा न होणे हेच बोलके आहे. राजाला पत्राची कल्पना होती आणि बाल्मेरिनोने दोष अंगावर घेतला, असे मानण्यास पुरेशी जागा आहे. याच शाखेतला सहावा लॉर्ड, आर्थर, जॅकोबाइट (पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याला गादी मिळवून देऊ पाहणाऱ्यांच्या) उठावात सामील झाल्याबद्दल १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर शिरच्छेद होऊन मेला व शाखेचे उमरावपद जप्त झाले.

विल्यम एल्फिन्स्टन (१४३१–१५१४) : ॲबर्डीनचा बिशप. या नावाच्या सर्व व्यक्तींत स्कॉटलंडच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. धर्माधिकारी असलेल्या पित्याचा हा अनौरस पुत्र. चर्चमधील पदांसाठी त्याला विशेष परवानगी घ्यावी लागली. ग्लासगोत पदवी घेऊन त्याने पॅरिस व ऑर्लेआँ येथे कायद्याचा अभ्यास केला. १४८३ मध्ये ॲबर्डीनसाठी त्याची निवड झाली. दीक्षाविधी मात्र १४८८ मध्ये झाला. म्हणून त्याच्या बिशपपदाचा आरंभ दोन प्रकारे दिलेला आढळतो. त्याच्याच खटपटीने पोप सहावा अलेक्झांडर याने फेब्रुवारी १४९५ मध्ये ॲबर्डीन विद्यापीठाला मान्यता दिली आणि किंग्ज कॉलेज उभे राहिले. तेथील वैद्यकाचे अध्यासन (१४९७) इंग्रजीभाषक जगात सर्वांत जुने समजतात. जमीनदारांनी थोरल्या मुलांना शाळेत घालावे, या १४९६ च्या कायद्यामागेही त्याची प्रेरणा असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्कॉटलंडमधील पहिल्या छापखान्याला १५०७ मध्ये राजाची सनद मिळाली. तीत त्याने जुळवलेल्या प्रार्थनाग्रंथाच्या छपाईचा विचार आहे. हा ग्रंथ, म्हणजे ‘ॲबर्डीन ब्रेव्हिअरी’, १५१० मध्ये बाहेर पडला. रोमच्या यादीत नसलेले कितीतरी स्थानिक संत त्याने त्यात आणले. इंग्लंडशी युद्ध करू नये, असे त्याचे मत होते. ते कोणी ऐकले नाही आणि फ्लॉडन घडले. ॲबर्डीन विद्यापीठातील लोकविद्येची एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट (१९९५) याच्या नावाची आहे. तिचा मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनशी संबंध नाही.

दर्यासारंग व सेनानी : जॉन एल्फिन्स्टन (१७२२–१७८५) याने ब्रिटिश आरमारातून रशियात जाऊन दुसऱ्या कॅथरीनची चाकरी पत्करली व १७७० च्या चेश्मेच्या लढाईत तुर्की आरमाराविरुद्ध भाग घेतला. त्याहून मोठा लौकिक दहाव्या लॉर्डचा मुलगा जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन (१७४६–१८२३) याचा. त्याने १७९५ मध्ये केप ऑफ गुड होप घेतले, १८०१ मध्ये अबूकिर येथे ब्रिटिश फौज उतरवली आणि व्हायकाउंट कीथ हे पद मिळवले. १८१५ मध्ये प्लिमथला जहाजावर असलेल्या नेपोलियनला सेंट हेलेनाचा निर्णय कळवण्याचे काम याच्याकडे आले होते. त्याचा भाऊ विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता. घराण्यातील तरुणांना हिंदुस्थानची वाट मोकळी झाली ती प्रामुख्याने याच्यामुळे.

या संचालकाचा मुलगा मेजर-जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन (१७८२–१८४२). वॉटर्लूला पलटण चालवलेला हा माणूस काबूलमधील ब्रिटिश सैन्याच्या सेनापतिपदावर गेला तेव्हा संधिवाताने जर्जर होता. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे साडेचार हजार सैनिक व बारा हजार बाजारबुणगे घेऊन त्याची फौज काबूलहून निघाली. खिंडीतली बर्फवृष्टी आणि गिलझाई टोळ्यांचे हल्ले यांत ती संपली. १३ जानेवारीला डॉ. विल्यम ब्रायडन घायाळ घोड्यावर जलालाबादला पोहोचला. स्वतः एल्फिन्स्टन एप्रिलमध्ये अफगाणांच्या कैदेत मरण पावला. माउंटस्टुअर्ट हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. ज्या शाह शुजाला गादीवर बसवण्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्याला माउंटस्टुअर्ट १८०९ मध्ये पेशावरला वकील म्हणून भेटला होता, आणि अफगाण मोहिमेविषयी त्याला आधीपासूनच शंका होती.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन : अकराव्या लॉर्डचा मुलगा. जन्म डम्बार्टन येथे ६ ऑक्टोबर १७७९. संचालक काकाच्या वशिल्याने तो सोळाव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत आला. १७९९ मध्ये अवधचा पदच्युत नवाब वझीर अली याने बनारसला केलेल्या कत्तलीतून घोडा पिटाळत तो वाचला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत वेलेस्लीच्या बरोबर होता. नंतर नागपूरला रेसिडेंट. पुण्याच्या रेसिडेंटपदावर त्याची नेमणूक १८१० ची, पण सूत्रे हाती आली ती १८११ च्या आरंभी. कोशांमध्ये दोन्ही वर्षे दिसतात. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरातील खून (जुलै १८१५), त्रिंबकजी डेंगळ्याची ठाण्याच्या तुरुंगातून सुटका, १८१७ चा पुणे तह हा भाग सर्वपरिचित आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी संगमावरची रेसिडेन्सी सोडून तो नदी उतरून खडकीच्या फौजेकडे गेला. पाठोपाठ मराठ्यांनी रेसिडेन्सी जाळली. तीत त्याचा ग्रंथसंग्रह व टिपणे गेली. ग्रीक-लॅटिन ग्रंथांत रमणाऱ्या या माणसाला पेशवाईच्या लढाईत झालेले खरे नुकसान ते हेच.

१८१९ ते १८२७ या गव्हर्नरपदाच्या काळात त्याने दक्षिणेतील इनामे व वतने एकदम मोडली नाहीत. पेशवे ब्राह्मणांना वाटत असलेल्या दक्षिणेची काही रक्कम वळवून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८२७ चे मुंबई विनियम ‘एल्फिन्स्टन संहिता’ म्हणून ओळखले जातात. तो परत जायला निघाला तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले व त्यातून अध्यापकपदे निर्माण झाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन व पुढचे एल्फिन्स्टन कॉलेज (१८५६ पासून स्वतंत्र) यांचा उगम या निधीत आहे. बाळशास्त्री जांभेकर व दादाभाई नवरोजी यांनी या संस्थेत शिकवले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या हायस्कुलातून व कॉलेजातून शिकून बाहेर पडले. माउंटस्टुअर्टचा काबूलविषयक ग्रंथ १८१५ मध्ये व हिंदुस्थानचा इतिहास १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. गव्हर्नर-जनरलपद त्याने नाकारले. २० नोव्हेंबर १८५९ रोजी सरे परगण्यात तो वारला.

जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन : माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा. अकरावा, बारावा व तेरावा हे तिन्ही लॉर्ड ‘जॉन’ नावाचे, हे गोंधळाचे आणखी एक कारण. १८३७ ते १८४२ तो मद्रासचा गव्हर्नर होता. तरुण व्हिक्टोरियाला तो आवडू लागल्यामुळे त्याला दूर धाडले, ही बोलवा चरित्रकार सांगतात. तिला बोलवेपलीकडे किंमत देऊ नये. डिसेंबर १८५३ मध्ये तो मुंबईस आला, म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये धावलेली पहिली रेल्वे त्याच्या नव्हे, आधीचा गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड याच्या काळातली. १८५७ मध्ये त्याने मुंबईची फौज तातडीने उत्तरेकडे पाठवली. मुंबई शहरातील कटाच्या आरोपावरून सय्यद हुसेन व मंगल गडिया या दोन शिपायांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा तो पहिला कुलपती. १८६० मध्ये अविवाहित असताच तो मरण पावला.

मुंबईतील स्मारके : इन्स्टिट्यूशन, कॉलेज व हायस्कूल ही काकाची, एल्फिन्स्टन सर्कल (आताचे हॉर्निमन सर्कल) आणि एल्फिन्स्टन रोड स्थानक ही पुतण्याची. सर्कलची योजना पुतण्याच्या पाठिंब्याने पुढे सरकली व पूर्ण झाली १८७२ च्या सुमारास. स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जण दगावले; जुलै २०१८ पासून स्थानकाचे नाव प्रभादेवी आहे. महाबळेश्वरच्या एल्फिन्स्टन पॉइंटचे नाते सहसा माउंटस्टुअर्टशी जोडतात, मात्र ते ठिकाण आरोग्यस्थान म्हणून वसले ते पुढचा गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत, म्हणजे माउंटस्टुअर्ट निघून गेल्यावर. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये दोघांचेही संगमरवरी पुतळे आहेत : काकाचा चँट्रीने घडवलेला, पुतण्याचा फोलीने.

इतर : जेम्स एल्फिन्स्टन (१७२१–१८०९) हा एडिंबरोत जन्मलेला शिक्षक, इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सनचा मित्र. इंग्रजी शब्द उच्चाराबरहुकूम लिहावेत, असा त्याचा आग्रह होता आणि स्वतःच्या आडनावातले शेवटचे अक्षर तो गाळत असे. त्याची पद्धत कोणी उचलली नाही. हेस्टर मारिया एल्फिन्स्टन ही व्हायकाउंट कीथची दुसरी पत्नी. लहानपणी ती जॉन्सनची शिष्या होती. सोळाव्या लॉर्डने १९१० मध्ये बोझ-लायन घराण्यातील मेरीशी विवाह केला. ही मेरी राणी दुसऱ्या एलिझाबेथची मावशी. तिची मुलगी मार्गारेट ऱ्होड्स (१९२५–२०१६) ही राणीची मावसबहीण.