अम्लरेखन

धातूच्या पत्र्यावर आम्लाच्या साहाय्याने रेषा कोरून, त्या खाचांत भरलेल्या शाईचा ठसा कागदावर उतरवण्याची मुद्राचित्रणपद्धती. उत्कीर्णनात कोरणीने धातू कापावा लागतो. येथे तो आम्ल खाते. त्यामुळे रेषेत हाताच्या रेखाटनाची मोकळीक उतरते.

आम्लाने लोखंड कोरण्याची विद्या मुळात चिलखते व शस्त्रे सजवणाऱ्या कारागिरांची. ती छपाईकडे प्रथम कोणी वळवली, हा वादाचा विषय आहे. हा मान सामान्यतः जर्मनीतील आउग्सबुर्ग शहराच्या डानिएल होप्फरला देतात. तो शस्त्रांवरही काम करी; त्याने अलंकृत केलेली १५३६ ची एक ढाल माद्रिदच्या शाही शस्त्रागारात आहे. त्याच्या बहुतेक मुद्राचित्रांवर साल नाही, म्हणून त्यांचा आरंभ अंदाजानेच १५०० च्या सुमारास धरला जातो. साल असलेले सर्वांत जुने ज्ञात अम्लरेखन मात्र स्विस चित्रकार उर्स ग्राफचे, १५१३ चे आहे. केवळ लिखित पुराव्यावर भिस्त ठेवल्यास अग्रमान ग्राफकडे जातो. तथापि होप्फरचा व्यवसाय पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात लोखंडी पत्र्यांवर सहा अम्लरेखने केली व पुढे हे माध्यम सोडले. लोखंड गंजते आणि त्यावरील रेषा जाडीभरडी येते. तांबे रूढ झाल्यावर ही अडचण सरली.

पत्रा घासून त्यावर मेण, राळ व अस्फाल्ट यांचा पातळ लेप देतात आणि सुईने लेप खरवडून चित्र काढतात. सुईने धातू कापायचा नसतो, उघडा पाडायचा असतो. मग पत्रा आम्लात बुडवतात. नायट्रिक आम्लात रेषांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने हलकेच सारावे लागतात, नाहीतर रेषा ओबडधोबड होते. फेरिक क्लोराइडमध्ये बुडबुड्यांऐवजी गाळ साचतो, म्हणून पत्रा उभा किंवा पालथा ठेवतात. फिक्या हव्या त्या रेषा वार्निशने झाकून पत्रा पुन्हा बुडवला की उरलेल्या रेषा खोल, पर्यायाने गडद होतात. लेप धुऊन शाई भरतात, वरची शाई जाळीदार कापडाने व शेवटी तळहाताने पुसतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढतात. चित्र उलटे उमटते. कागदावर पत्र्याच्या कडांचा दाबही राहतो.

सतराव्या शतकात फ्रेंच मुद्राचित्रकार झाक कालो याने तंतुवाद्य बनवणाऱ्यांचे कठीण वार्निश लेपासाठी वापरले. मऊ लेप उकलून आम्ल भलतीकडे शिरण्याचा धोका त्यामुळे घटला आणि पत्रा पुनःपुन्हा बुडवणे सोयीचे झाले. रेम्ब्रांटची सुमारे ३०० अम्लरेखने ज्ञात आहेत. राळेची भुकटी पत्र्यावर तापवून चिकटवणारी व जलरंगासारख्या छटा देणारी ॲक्वाटिंट ही याचीच शाखा होय.