मोंमार्त्रची टेकडी आणि वरचा चौक : पॅरिस सहलीच्या प्रवाशांसाठी

सहलीचा कार्यक्रम हातात पडला की पॅरिसच्या पानावर बरेच जण थबकतात आणि आम्हाला फोन करतात. "तीनच दिवस आहेत, त्यातली एक अख्खी सकाळ एका टेकडीला कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक. निघण्यापूर्वी एकदा निवांत वाचा आणि घरातल्या ज्येष्ठांनाही वाचून दाखवा, कारण पायऱ्यांबद्दलची माहिती त्यांच्यासाठीच आहे.

मोठ्या बसमधून येणाऱ्या सहली मोंमार्त्रला साधारण तासभर देतात. अकराच्या सुमाराला टेकडीच्या पायथ्याशी उतरायचं, पांढऱ्या चर्चपर्यंत चढायचं, फोटो काढायचे, गर्दीतून चौकात डोकवायचं आणि पुन्हा खाली. पहिल्या दोन वर्षी आम्हीही तसंच करत होतो. प्रवासी परत आल्यावर म्हणायचे, "वर काय, नुसती माणसंच माणसं." तेव्हा आम्ही वेळ बदलली आणि वाटही बदलली. आता आपण सकाळी लवकर जातो आणि टेकडीच्या मागच्या बाजूनं चढतो.

वरच्या चौकाचं नाव प्लास द्यु तेर्त्र. तेर्त्र म्हणजे उंचवटा, टेकाड. मोंमार्त्र आज पॅरिसच्या अठराव्या विभागात येतं, पण १ जानेवारी १८६० पर्यंत ते पॅरिसबाहेरचं स्वतंत्र गाव होतं आणि हा चौक म्हणजे त्या गावाचा पार. ११३३ मध्ये इथे बेनेडिक्टाईन जोगिणींचा मठ स्थापन झाला आणि पुढची साडेसहाशे वर्षं टेकडीवर त्या मठाचीच सत्ता चालली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९० मध्ये, गावाला पहिली चावडी मिळाली ती याच चौकात, तीन नंबरच्या घरात. चौक अगदी छोटा आहे. मध्ये झाडं, भोवती दुमजली-तिमजली घरं, खाली दगडी फरसबंदी. आयफेल टॉवरखाली उभं राहिल्यावर आपण किती लहान आहोत ते जाणवतं. इथे मात्र सगळं माणसाच्या मापाचं आहे, आणि आम्हाला हा चौक एवढा आवडतो तो त्यामुळेच.

गावपण टिकलं कसं, तर टेकडीच्या पोटामुळे आणि एका जकातीमुळे. पोटाची गोष्ट आधी सांगतो, कारण तिचा आपल्या घराशी संबंध आहे. गणपतीच्या मूर्ती शाडूच्या हव्यात की प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, हा वाद आपल्याकडे दरवर्षी रंगतो. त्या नावातलं 'पॅरिस' म्हणजे मुख्यतः ही टेकडी. इथल्या जिप्समच्या खाणींतून दगड निघायचा, भट्टीत भाजला की त्यातलं पाणी उडून जायचं आणि पांढरी भुकटी उरायची. त्या भुकटीत पुन्हा पाणी कालवलं की काही मिनिटांत ती दगडासारखी घट्ट. शतकानुशतकं पॅरिसच्या भिंतींना हाच गिलावा होता. पण खणून खणून टेकडी आतून पोकळ झाली. माथ्यावरचं साक्रे-कर चर्च बांधायला घेतलं तेव्हा वरच्या जमिनीवर भार टाकायची सोयच उरली नव्हती. म्हणून आधी ८३ विहिरी खणल्या, त्या पक्क्या थरापर्यंत सुमारे ३३ मीटर खाली नेल्या, दगडी बांधकामानं भरून काढल्या आणि त्या खांबांवर चर्च उभं केलं. काम १८७५ मध्ये सुरू झालं, १९१४ मध्ये पुरं झालं. पोकळ जमिनीवर मोठ्या इमारती बांधणं अवघड, त्यामुळे माथ्यावर बुटकी घरंच राहिली.

आता जकात. पॅरिसच्या वेशीवर दारूवर कर लागायचा. मोंमार्त्र वेशीबाहेर, म्हणून इथली वाईन स्वस्त. रविवारी शहरातले कामगार, शिवणकाम करणाऱ्या मुली, कारकून टेकडी चढून यायचे, प्यायचे, पवनचक्क्यांच्या आवारात नाचायचे. रेन्वारनं १८७६ मध्ये रंगवलेलं मूलँ द ला गालेत या पवनचक्कीजवळच्या नृत्याचं प्रसिद्ध चित्र याच आवारातलं. झाडांच्या पानांतून गळलेले उन्हाचे कवडसे लोकांच्या कोटांवर, टोप्यांवर पडलेले दिसतात. ते मूळ चित्र आपण दुसऱ्या दिवशी ओर्से संग्रहालयात पाहणार आहोत. आधी जागा पाहिली की चित्रासमोर पाय जास्त वेळ रेंगाळतात, हे आम्ही दर सहलीत बघतो. चित्रकार इथे आले ते भाडं परवडायचं म्हणून. १९०४ मध्ये पिकासो बातो-लाव्वार नावाच्या लाकडी, गळक्या इमारतीत राहायला आला आणि 'आव्हिन्योंच्या तरुणी' हे आधुनिक कलेला वळण देणारं चित्र त्यानं तिथेच १९०७ मध्ये रंगवलं. ती इमारत १९७० च्या आगीत गेली. त्या जागी नवी इमारत आहे, पण समोरचा छोटासा उतरता चौक तसाच आहे. परतताना आपण तिथल्या बाकांवर दहा मिनिटं बसतो.

वाट अशी. आपण बारा नंबरच्या मेट्रोनं लामार्क-कोलँकूर स्टेशनला उतरतो. स्टेशन खोल आहे, पण लिफ्ट आहे. बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना जिने आणि त्यांच्या मधोमध मेट्रोचं तोंड, हे दृश्यच सांगतं की आपण डोंगरात आलो. तिथून सँ-व्हँसाँ गल्लीनं चढताना उजव्या हाताला द्राक्षमळा लागतो. भर पॅरिसमध्ये, उतारावर, ओळीनं लावलेल्या द्राक्षवेली! ही जागा बिल्डरच्या हाती जाऊ नये म्हणून इथल्या रहिवाशांनी आणि कलाकारांनी आवाज उठवला आणि १९३३ मध्ये तिथे वेली लावल्या गेल्या. पुढच्या वर्षापासून ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणीचा उत्सव सुरू झाला, तो आजही होतो. नाशिक-सांगलीकडचे प्रवासी असले की इथून पाऊल निघत नाही. वेलींची छाटणी, तारांची उंची, उत्तरेकडचा उतार यावर चर्चा रंगते आणि आम्हीही घाई करत नाही.

मळ्यासमोर लापँ आजिल हे जुनं बैठं घर, गाण्याबजावण्याचा अड्डा. वर गुलाबी भिंतींचं घर, तिथे फोटोसाठी मुलींची रांग असते, पण आठच्या आत नसते. मग कोर्तो गल्ली. तिथल्या बारा नंबरच्या घरात रेन्वार राहिला, पुढे सुझान व्हालादों आणि तिचा मुलगा मोरिस युत्रिलो राहिले. व्हालादोंबद्दल जरा सांगायलाच हवं. धुणावळ बाईची ही मुलगी, आधी चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसायची. त्यांचे हात कसे चालतात ते बघत बघत शिकली आणि स्वतः मोठी चित्रकार झाली. आता त्या घरात मोंमार्त्रचं संग्रहालय आहे. आपल्या कार्यक्रमात ते नाही, पण दुपारी मोकळा वेळ असतो तेव्हा जरूर जा.

इथून पुढच्या वळणावर चौक. सव्वाआठ-साडेआठला पोचलो तर खुर्च्या अजून एकावर एक रचलेल्या असतात, कोणी फरसबंदीवर पाणी मारत असतं, पावाची गाडी उभी असते. तेवढी वीस मिनिटं हा चौक गावाचा असतो. सहा नंबरच्या दारावर १७९३ पासूनचं रेस्टॉरंट आहे आणि तिथे पाटी आहे की १८१४ मध्ये रशियन सैनिक इथे घाईनं 'बिस्त्रो, बिस्त्रो' (रशियनमध्ये 'लवकर, लवकर') म्हणत प्यायला मागायचे, त्यावरून फ्रेंचांना छोट्या खाणावळीसाठी बिस्त्रो हा शब्द मिळाला. भाषेच्या अभ्यासकांना ही व्युत्पत्ती पटत नाही, तेव्हा ऐकून सोडून द्या. दुसरी एक पाटी सांगते की २४ डिसेंबर १८९८ रोजी रेनो मोटार कंपनीचे संस्थापक लुई रेनो स्वतः बनवलेली मोटार घेऊन इथवर चढून आले. हे उतार पायी चढून आल्यावर त्या पाटीचं मोल कळतं.

चौक पाहून आपण साक्रे-करच्या पायऱ्यांवर जातो, शहर खाली पसरलेलं असतं. चर्चमध्ये प्रवेश मोफत आहे, आत फोटो काढायचे नाहीत आणि बोलायचं नाही, कारण १८८५ पासून तिथे अहोरात्र अखंड प्रार्थना चालू आहे. आपल्याकडच्या हरिनाम सप्ताहातल्या पहाऱ्यासारखीच. घुमटावर जायला तिकीट आणि सुमारे ३०० पायऱ्या. हौस असेल त्यांनीच जावं. चर्चचा दगड पावसानं काळवंडत नाही, उलट पांढरा होत जातो, कारण पाण्यानं त्यातला चुनखडीचा अंश वर येतो. शेजारचं सँ-पिएर हे साधं, करडं चर्च मात्र चुकवू नका. ११४७ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. जुन्या मठाचं हेच काय ते उरलं आहे. आत शंभर पावलं चालायला दोन मिनिटं लागतात, पण बसावंसं वाटतं.

साडेनऊ-दहाला चौकात परत येतो तेव्हा चित्रकार आलेले असतात. इथे कोणीही येऊन बसू शकत नाही. पॅरिस महापालिकेचा परवाना लागतो, मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि मिळते ती जागा एक चौरस मीटरची, तीही दोघांत वाटून, आलटूनपालटून बसायची. आपल्या घरातल्या देवघराएवढ्या जागेत चित्र टेकवायची घोडी, रंगाची पेटी, दोन स्टुलं आणि छत्री. कॅफेच्या टेबलांनी चौकाचा मधला भाग व्यापलेला असतो, त्यामुळे ते कडेनं बसतात. ही माणसं रोज, थंडीतही, उघड्यावर बसून हातानं चित्रं काढतात. त्यांच्याकडे आदरानं पाहा. चित्रांचा वा चित्रकाराचा फोटो काढायचा तर आधी विचारा.

चेहऱ्याचं चित्र काढून घ्यायचं असेल तर चार गोष्टी. किंमत आधी ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. कोळशाचं, रंगीत खडूचं की व्यंगचित्र, ते सांगा. पैसे एका माणसाचे की दोघांचे, तेही स्पष्ट करा. आणि बसलेल्या चित्रकाराकडूनच काढून घ्या. हातात फळी घेऊन पायऱ्यांजवळ फिरणारे, "फुकट आहे, बसा" म्हणत चालता चालता रेघा ओढायला लागणारे, यांच्याकडे परवाना नसतो. आमच्या एका काकांनी संकोचापोटी नाही म्हटलं नाही आणि पाच मिनिटांच्या, ओळखूही न येणाऱ्या चित्राचे नंतर भरपूर युरो मोजले. सरळ "नों, मेर्सी" म्हणा आणि चालत राहा.

चांगलं चित्र कसं होतं तेही पाहिलं आहे. गेल्या वर्षी साताऱ्याच्या एक आजी बसल्या होत्या. चित्रकार बाई साठीच्या, बोटं कोळशानं काळी. त्यांनी आधी डोळे काढले, मग नाकाची रेघ, मग कपाळाशी आल्या आणि थांबल्या. कुंकवाकडे बोट दाखवून खुणेनंच विचारलं, घेऊ का? आजींनी मान हलवली. बाईंनी पेटी धुंडाळून लाल खडूचा एक तुकडा काढला, करंगळीनं एक ठिपका दिला आणि फुंकर मारली. बाकी सगळं चित्र काळं-पांढरं, तेवढंच लाल. ते चित्र आता साताऱ्याच्या घरात दारासमोर लावलं आहे.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी आम्हाला सांगायचं, लाजायचं नाही. पुढच्या बाजूनं २२२ पायऱ्यांच्या जिन्याला लागून फ्युनिक्युलर, म्हणजे रुळांवरून चढणारी डबी आहे. ती १९०० पासून चालते, आता मेट्रोच्याच तिकिटावर. ती बंद असली तर ४० नंबरची छोटी बस चौकाजवळ सोडते. आमचा एक माणूस तुमच्याबरोबर राहील. बूट मऊ तळव्याचे, जुने वापरलेले घाला. पाऊस झाला की फरसबंदी निसरडी होते.

पायथ्याच्या पायऱ्यांवर काही तरुण मनगटाला रंगीत दोरा बांधायला येतात. रक्षाबंधनाची सवय असल्यानं आपली माणसं हात पुढे करतात. दोरा बांधून झाला की पैसे मागतात आणि सोडत नाहीत. हात खिशात ठेवा. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, पाकीट पुढच्या खिशात.

खाण्याबद्दल. चौकातल्या कॅफेत बसून घेतलेली कॉफी महाग असते. अनेक ठिकाणी तीच कॉफी काउंटरला उभं राहून स्वस्त मिळते. शाकाहारींनी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. क्रेपच्या पिठात अंडं असतंच, गोड असला तरी. आणि कांद्याचं प्रसिद्ध सूप बहुधा गोमांसाच्या रश्शात केलेलं असतं, वर नुसतं चीज दिसलं तरी. पाव, फळं निर्धास्त घ्या.

चुकामूक झाली तर साक्रे-करच्या पायऱ्यांवर नाही, सँ-पिएरच्या दाराशी थांबायचं. तिथे गर्दी कमी असते. मेट्रोत एक सावधगिरी: मोंमार्त्र आणि मोंपार्नास ही दोन वेगळी ठिकाणं, शहराच्या दोन टोकांना, आणि दोन्हीकडे जाणारी लाईन एकच, बारा नंबर. दिशा बघूनच चढा.

उतरताना लपिक गल्लीतली पवनचक्की, मग बातो-लाव्वारचा चौक, मग आबेस स्टेशन. वर काचेचं छप्पर असलेलं त्याचं प्रवेशद्वार पाहा, खाली गोल जिना आहे, पण स्टेशन ३६ मीटर खोल, तेव्हा लिफ्टच घ्या. तिथून चार स्टेशनं पुढे मार्क्स दोर्म्वाला आपण उतरतो. तोही अठरावा विभागच. तिथून थोडं चाललं की श्रीलंकेच्या तमिळ लोकांनी १९८५ मध्ये स्थापन केलेलं माणिक्क विनायकर मंदिर. दर उन्हाळ्याच्या शेवटी इथून गणपतीचा रथ निघतो आणि पॅरिसच्या रस्त्यांवर नारळ फुटतात. दर्शन घेऊन शेजारच्या वस्तीत डोसा, भात-सांबार असं जेवण. निघायचं सकाळी सव्वासातला, हॉटेलच्या लॉबीतून. नाश्ता पावणेसातला लागेल, तशी सोय आम्ही करून ठेवली आहे.