सुटलेली माणसं मोजायची कशी?

तळ्यात मासे किती, हे तळं न उपसता सांगता येतं. जाळं टाकून १०० मासे धरायचे, खूण करून सोडून द्यायचे. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. समजा ५० मासे आले आणि त्यांतल्या ४० वर खूण दिसली. म्हणजे पहिल्या खेपेला पाचांतले चार सापडले होते. तळ्यात एकूण मासे १२५.

अमेरिकेने १९९० च्या जनगणनेनंतर हाच हिशेब माणसांना लावला. दुसरं जाळं म्हणजे निवडक घरांची नव्याने केलेली पाहणी. दोन्ही याद्या जुळवल्यावर सुमारे ४० लाख माणसं निसटल्याचं दिसलं. निसटली तीही सारखी नाहीत: गोऱ्यांत शेकडा एकाहून कमी, कृष्णवर्णीयांत चाराहून जास्त, लॅटिनोंत, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांत, सुमारे पाच. अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागा जनगणनेच्याच आकड्यांवर राज्यांत वाटल्या जातात. मग काय, गणित बाजूला राहिलं! निवडक घरांच्या पाहणीवरून आकडे सुधारायचे, ही नमुना पद्धत. डेमोक्रॅट तिच्या बाजूने, रिपब्लिकन विरोधात. जानेवारी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की जागावाटपासाठी नमुना पद्धत कायद्याला मान्य नाही. निकाल कायद्याच्या शब्दांवर होता. पद्धत खरी की खोटी, हे त्यात ठरलं नाही.

ते पुढे ठरायला लागलं, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. २००० च्या मोजणीनंतरच्या पाहणीने आधी सांगितलं, सुटलेले आणि दुबार दोन्ही जमेस धरता मोजणी ३३ लाखांनी कमी पडली. नंतर बारकाईने तपासल्यावर उलटंच निघालं: एकूण हिशेबात सुमारे १३ लाख माणसं जास्तच मोजली होती. वसतिगृहातला विद्यार्थी तिथे मोजला जातो, आणि आईवडील घरच्या फॉर्मवरही त्याचं नाव लिहितात. असे दुबार मोजलेले लोक पाहणीला पुरते सापडलेच नव्हते.

शिवाय माशाच्या परावरची खूण सहज दिसते; माणसाची खूण म्हणजे नाव, वय, पत्ता. एका यादीत टोपणनाव, दुसरीत पूर्ण नाव, की एकाची दोन माणसं झाली. आपल्या तळ्यात ४० पैकी दोनच खुणा नजरेतून सुटल्या, तर उत्तर १२५ ऐवजी १३२ येतं. सात मासे नुसत्या कागदावर जन्मले!

आणि इथे थोडक्यालाही मोल आहे. २००० च्याच मोजणीत युटा राज्याची एक जागा हजाराहूनही कमी माणसांनी हुकली. ती नॉर्थ कॅरोलायनाला गेली.